माळावरून डोंगरवाटेकडे

सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवर, आणि भोवती सगळा माळ. इथल्या पळणाऱ्याला चढ म्हणजे उड्डाणपूल! सह्याद्रीत मात्र सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी डोंगरवाटांची शर्यत होते. त्यातला तोरणा १,४०३ मीटर उंच. तिथं किलोमीटरचा हिशेब चालत नाही, चढउताराचा चालतो.

चढावर चालण्यात कमीपणा नाही, भले भले चालतात. खरी परीक्षा उतारावर. मुरमाड वाटेवर सुटे खडे पायाखालून सरकतात. म्हणून पावलं आखूड टाकायची, गुडघे किंचित वाकवायचे आणि नजर पुढच्या तीन-चार पावलांवर ठेवायची. टाच रोवून थांबायला गेलात की घसरलातच. मांड्यांना या उताराची सवय लागते ती सरावानंच. आपल्याकडे एखाद्या इमारतीचा जिना त्यासाठी पुरतो. खिशात दाण्याची चिक्की असू द्या, पाण्यात चिमूटभर मीठ. शेंगाचटणी घरीच बरी!

राष्ट्रीय उद्यानातल्या वाटांची गोष्ट मात्र वेगळी. सह्याद्रीतल्याच चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २००४ मध्ये मिळाला, आणि कोयना अभयारण्यासह ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानुसार वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, मग धावणं दूरच. आणि परवानगी असलेल्या कुठल्याही रानवाटेवर पहाटेच्या अंधारात एकट्यानं निघू नका. बिबट्याची फिरायची वेळ तीच असते.