पाच आठवडे आधी

(१९९५ च्या दहावी बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला ‘कॉम्प्युटर क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. त्या विषयावर आता आपली मुलंच आपल्याला चार गोष्टी शिकवतील, म्हणून मी तो बदलून मागितला. आज मी बोलणार आहे ते एका आजाराबद्दल, आणि तो शोधणाऱ्या माणसांबद्दल. मी डॉक्टर नाही. इंजिनिअर आहे. पण हा विषय मला चौदा वर्षं सोडत नाही.

तुम्हाला आठवत असेल, विज्ञानाच्या पुस्तकातला पुनरुत्पादनाचा धडा आला की वर्गात खसखस पिकायची आणि धडा ‘घरी वाचून या’ असं म्हणत संपायचा. आपल्या बाईंनी मात्र एका शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींना थांबवून घेतलं आणि फळ्यावर गर्भाशय, नाळ आणि वार यांची आकृती काढून दाखवली. ‘वार म्हणजे आई आणि बाळ यांच्यातला दुवा’ हे वाक्य मी वहीत लिहिलं होतं. मुलांना त्या दिवशी घरी पाठवलं होतं, म्हणून तुम्हा सगळ्यांचा तो तास मी आज घेणार आहे. पाठीमागचे, मोबाईल खाली ठेवा.

२०१० सालची गोष्ट. मला सातवा महिना होता. घरी डोहाळजेवण झालं. हिरव्या बांगड्या भरायला आलेल्या काकूंना माझ्या हातात बांगडी सरकवता येईना. त्यांनी साबण लावला, तेल लावलं. शेवटी मोठ्या मापाच्या बांगड्या मागवल्या. चेहराही सुजला होता. सगळ्या म्हणाल्या, ‘अंगावर पाणी चढलंय, असं होतंच.’ मलाही ते पटलं. पुढच्या आठवड्यात ऑफिसात आमचं एक मोठं काम ग्राहकाकडे जायचं होतं. डोकं भयंकर दुखत होतं, ते मी स्क्रीनच्या माथी मारलं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, ते जागरणाच्या माथी. माझं रोजचं काम म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणाली बांधणं. काही बिघडायच्या आधी धोक्याची घंटा वाजली पाहिजे, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. आणि स्वतःच्या शरीराने तीनदा वाजवलेली घंटा मी तीनदा बंद केली.

नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा रक्तदाब १७०/११० निघाला आणि लघवीतून प्रथिनं जात होती. त्याच रात्री सिझेरियन झालं. मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन एक किलो तीनशे ग्रॅम. पुढचे पाच आठवडे मी तिला काचेच्या पेटीच्या बाहेरून पाहिलं. आता ती चौदा वर्षांची आहे आणि माझ्याशी रोज वाद घालते. आज ती इथे आली आहे, तिची परवानगी घेऊनच हे सांगते आहे.

या आजाराचं नाव प्रीएक्लॅम्पसिया. साधारण विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, यकृताला, मेंदूला धोका पोचतो. पुढे झटके आले की त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. झटके पूर्वीच्या लोकांनाही माहीत होते, पण कारण ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं होतं की मूल आणि वार बाहेर आली की बाई सुधारू लागते. आणखी एक खूण होती. द्राक्षगर्भ झालेल्या बाईच्या पोटात बाळ वाढत नसतं, फक्त वारेची बेढब वाढ असते. तिलाही हा आजार होऊ शकतो. म्हणजे संशयित बाळ नव्हे, वार. पण वारेतून निघून आईच्या मूत्रपिंडापर्यंत पोचतं तरी काय?

हा प्रश्न हाती घेतला मूत्रपिंडाच्या एका डॉक्टरांनी. डॉ. अनंत करुमंची. वैद्यकीय शिक्षण मद्रासमध्ये, संशोधन बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात. त्यांच्या गटाने आजारी बायकांची वार आणि निरोगी बायकांची वार घेऊन कुठली जनुकं जास्त काम करताहेत ते ताडून पाहिलं. आजारी वारेत एक प्रथिन फार जास्त तयार होत होतं. त्याचं नाव एसफ्लिट-१.

आता हे काय करतं ते माझ्या भाषेत सांगते. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला धडधाकट राहण्यासाठी सतत निरोप लागतात. हे निरोप म्हणजे वाढीचे घटक. एकाचं नाव व्हीईजीएफ, दुसरा वारेतून येणारा पीएलजीएफ. पेशीच्या भिंतीवर त्यांच्यासाठी पत्रपेटी बसवलेली असते. पत्र पेटीत पडलं की आत निरोप पोचतो आणि पेशी कामाला लागते. एसफ्लिट-१ म्हणजे तीच पत्रपेटी, पण भिंतीत न बसवलेली. त्याच जनुकापासून बनते, फक्त भिंतीत रोवायचा भाग तिला नसतो. त्यामुळे ती रक्तात मोकळी फिरते. पत्रं तिच्यात पडतात, पण मागे घरच नाही! खऱ्या घरांना निरोप मिळत नाहीत. अस्तर बिघडतं, वाहिन्या आकसतात, दाब चढतो, मूत्रपिंडाची गाळणी गळू लागते. थोडं एसफ्लिट-१ प्रत्येक गरोदर बाईत असतं. इथे त्याचा पूर येतो.

२००३ साली या गटाने हे प्रथिन उंदरांच्या जातीच्या प्राण्यांमध्ये वाढवून दाखवलं. रक्तदाब चढला, लघवीत प्रथिनं आली, मूत्रपिंडात तशीच सूज दिसली. गाभण नसलेल्या माद्यांमध्येसुद्धा! त्याच सुमारास कर्करोगासाठी व्हीईजीएफ अडवणारं एक औषध आलं होतं. ते घेणाऱ्या रुग्णांचाही रक्तदाब वाढे आणि लघवीतून प्रथिनं जात. दोन वेगळ्या वाटांनी माणसं एकाच दाराशी पोचली होती.

मग फेब्रुवारी २००४. अमेरिकेत पूर्वी कॅल्शियमच्या गोळ्यांचा एक मोठा प्रयोग झाला होता, त्यातल्या गरोदर बायकांचं रक्त गोठवून ठेवलेलं होतं. आजार झालेल्या १२० आणि न झालेल्या १२० जणींचे नमुने काढून तपासले. एसफ्लिट-१ ची पातळी आजार दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधी चढू लागलेली होती.

पाच आठवडे. माझी मुलगी पेटीत होती तेवढेच दिवस.

इथे मला थांबावं लागतं. त्याच २००४ साली, पावसाळ्यात, आपल्या वर्गातली एक मैत्रीण बाळंतपणात गेली. तिच्या आईला दिलेल्या शब्दाखातर मी नाव घेत नाही, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कळलं आहे. बाईंच्या त्या शनिवारच्या तासाला ती माझ्या शेजारी बसली होती आणि माझ्या वहीतली आकृती तिनेच काढून दिली होती. तिचंही आठ दिवस डोकं दुखत होतं. घरीच झटके आले. रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर झाला. बोस्टनमधला तो शोध तिच्यापर्यंत पोचणं तेव्हा शक्यच नव्हतं. पण रक्तदाब मोजायचा पट्टा शक्य होता. आणि झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट तर अगदी स्वस्त औषध आहे. त्याने झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो हे २००२ सालीच एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिद्ध झालं होतं.

आज काय आहे? एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर सांगणारी रक्तचाचणी युरोपात बरीच वर्षं वापरात आहे. अमेरिकेत तिला २०२३ साली मान्यता मिळाली. धोका जास्त असलेल्या बायकांना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली तर वेळेआधी उद्‌भवणारा हा आजार बराच कमी होतो. त्याच्यावर खरा उतारा मात्र अजून प्रसूती हाच आहे.

तुम्ही म्हणाल, आपण पंचेचाळिशीला टेकलो, आता हे आम्हाला कशाला? दोन कारणं आहेत.

पहिलं आपलं स्वतःचं. ज्यांना गरोदरपणी हा त्रास झाला त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. त्यामुळे मैत्रिणींनो, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा की तेव्हा बीपी वाढलं होतं. आणि वर्षातून एकदा तरी ते मोजा. मी हे भाषण लिहायला घेतलं आणि आपल्या ग्रुपवर विचारलं, तर तिघींनी मला वेगळा निरोप पाठवला, ‘मलाही झालं होतं, कुणाला बोलले नव्हते.’

दुसरं कारण आपल्या मुली, सुना, भाच्या, घरी कामाला येणाऱ्या ताई. डोकेदुखी थांबत नाही, डोळ्यांपुढे काजवे येतात, बरगड्यांखाली दुखतं, चेहरा आणि हात अचानक सुजतात, यातलं काहीही दिसलं तर ‘असं होतंच’ म्हणू नका. त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. १४०/९० च्या वर असेल तर थेट रुग्णालय. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हेच लक्षात ठेवा. आणि हे पुरुषांनी ऐकायचं आहे, कारण रात्री दोन वाजता गाडी बहुतेक तुम्हीच काढणार आहात.

बाई, त्या शनिवारी तुम्ही आम्हाला थांबवून घेतलंत. आमच्यातल्या एकीला ते पुरलं नाही, पण त्यात तुमची चूक नव्हती. तुम्ही सुरुवात करून दिली होती, पुढचं आम्ही एकमेकींना सांगायचं होतं. ते आज सांगितलं.

चहाच्या टेबलाजवळ मी रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवलं आहे. जिलेबी खायच्या आधी सगळ्यांनी रांगेत यावं, रोल नंबरप्रमाणे.