तलावाला कुंपण आहे का?

लोणावळा, कर्जत, अलिबाग किंवा गोव्यात दोन दिवसांसाठी बंगला घेताना आपण हल्ली आवर्जून विचारतो, ‘पोहायचा तलाव आहे ना?’ पण ‘त्या तलावाला कुंपण आहे का?’ असं क्वचितच कुणी विचारतं. घरात लहान मूल असेल, तर खरा महत्त्वाचा प्रश्न हा दुसराच आहे.

बुडणारं माणूस हात हलवतं, ओरडतं, असं आपण सिनेमात पाहतो. लहान मुलाच्या बाबतीत बहुधा तसं होत नाही. जिथे श्वास घ्यायचीच मारामार, तिथे ओरडणार कसं? मूल गुपचूप पाण्याखाली जातं आणि काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. शिवाय हे अनेकदा पोहण्याच्या वेळी घडतच नाही. दुपारी जेवणं उरकून मोठी माणसं जरा लवंडलेली असतात, मूल दुसऱ्या कुणाजवळ आहे असं प्रत्येकाला वाटत असतं, आणि ते मात्र चेंडूमागे तलावाच्या काठावर पोचलेलं असतं.

म्हणून सुरक्षेचं साधन निवडताना एक कसोटी लावावी. आपलं लक्ष नसताना हे साधन मुलाला पाण्यापासून दूर ठेवतं का?

या कसोटीला सर्वांत चांगलं उतरतं ते कुंपण. पण ते चारही बाजूंनी हवं. तीन बाजूंना जाळी आणि चौथ्या बाजूला घराची भिंत असेल, तर घरातलं दार उघडलं की मूल थेट पाण्यावर. कुंपणाची उंची निदान १.२ मीटर, म्हणजे चार फूट असावी. दोन गजांमध्ये आणि खाली जमिनीलगत दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. पाय ठेवून चढता येतील असे आडवे गज नकोत. फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडणारं, आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी लागणारं हवं. कडीही मुलाचा हात पोचणार नाही अशी. एवढं करून कुंपणाला टेकून प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तर सगळं फुकट!

आता आच्छादन. ताडपत्री किंवा उन्हासाठी घालतात तो पातळ फुगेदार कागद म्हणजे संरक्षण नव्हे, उलट सापळाच. मूल त्याखाली गेलं तर वरून दिसतसुद्धा नाही. मोठ्या माणसाचं वजन पेलणारं आणि सर्व बाजूंनी घट्ट बसणारं आच्छादनच घ्यावं आणि त्यावर साचलेलं पाणी काढून टाकावं. पाण्यात काही पडल्यावर वाजणारी घंटाही मिळते. ती जोडीला जरूर असावी. पण कुंपणाऐवजी नव्हे, नाहीतर वरातीमागून घोडं.

दंडात घालायचे हवेचे फुगे हे खेळणं आहे. ते निसटतात, फुटतात. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्या. ते घालून खांद्याकडून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. नीट बसलं तरी मूल हाताच्या अंतरावरच ठेवावं. तळाशी पाणी ओढणाऱ्या झाकणाकडेही लक्ष द्या. ते तुटलेलं असेल तर केस किंवा हात खेचला जाऊ शकतो, म्हणून त्या तलावात उतरू नये. पंपाचं बटण कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवावं.

फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने खासगी तलावांना कुंपण, घंटा, आच्छादन किंवा बंदिस्त छप्पर यांपैकी एक तरी साधन सक्तीचं केलं. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या १९९२ च्या कायद्यात कुंपणाबरोबरच, बुडालेल्याला कृत्रिम श्वास व छातीवर दाब कसा द्यावा याचा फलक तलावाशेजारी लावणंही बंधनकारक आहे.

आपण कायद्याची वाट पाहायला नको. बंगला ठरवतानाच फोनवर कुंपणाची चौकशी करा. नसेल तर दुसरा बंगला शोधा. काठावर दोर बांधलेलं तरंगतं कडं आणि लांब काठी असावी. खेळून झाल्यावर पाण्यातली खेळणी उचलावीत, कारण मुलं त्यांच्याच ओढीने परत येतात. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने पाळी घ्यावी. त्या वेळात मोबाइल नाही, गप्पा नाहीत, मद्य तर नाहीच.

मूल दिसेनासं झालं, तर खोल्या शोधण्याआधी तलाव बघा. बुडालेल्या मुलाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब द्यायला लागा आणि दुसऱ्याला १०८ किंवा ११२ ला फोन करायला सांगा. हे शिकवणारे वर्ग असतात. सुट्टीला निघण्यापूर्वी घरातल्या निदान दोघांनी ते शिकून घ्यावं, एवढीच विनंती.