राखाडी पट्ट्याचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



याच शाळेच्या बाकावर बसून मी गणित शिकलो. आज पाहुणा म्हणून आपण बोलावलेत, याबद्दल मी ऋणी आहे. उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. माझ्या हातून झालेली एक चूक तेवढी सांगतो.

संगणकावर चित्रे उमटवणाऱ्या एका ग्राफिक्स लायब्ररीचे काम मी करतो. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. तो तयार आज्ञावलींचा संग्रह असतो. रेषा काढणे, रंग भरणे ही कामे इतर प्रोग्रॅम तिच्याकडून करून घेतात. म्हणून तिच्यातली एक चूक अनेक ठिकाणी उमटते.

एकदा तक्रार आली. पांढरा रंग हळूहळू विरत पारदर्शक व्हावा असे सांगितले, की मध्येच मळकट राखाडी पट्टा दिसतो. मागची जागा पांढरीशुभ्र असली तरी दिसतो! मी प्रथम पडद्याला दोष दिला. मग 'शेवटचा रंग पारदर्शक काळा न धरता पारदर्शक पांढरा लिहा' अशी युक्ती सांगून मोकळा झालो. त्यांचे काम भागले. काही दिवसांनी दुसऱ्यांची तक्रार आली: लाल रंग विरताना काळवंडतो. तेव्हा मात्र मी वही-पेन्सिल घेऊन बसलो.

हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल असा आहे. लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला बहुधा 0 ते 255 असा आकडा असतो. तिन्ही 255 म्हणजे पांढरा, तिन्ही 0 म्हणजे काळा. चौथा आकडा रंग किती दाट हे सांगतो. त्याला अल्फा म्हणतात. नुसते 'पारदर्शक' लिहिले, की चारही आकडे 0 होतात. आमचा प्रोग्रॅम रंगाची सरासरी वेगळी आणि अल्फाची वेगळी काढत होता. मध्यावर रंग आला सुमारे 128, म्हणजे राखाडी. अल्फा आला निम्मा. निम्मा हा राखाडी आणि निम्मा मागचा पांढरा मिळून झाले सुमारे 191. हाच तो पट्टा!

जेथे रंगच नाही, तेथला 0 आम्ही काळा रंग म्हणून धरला होता. गैरहजर मुलाला शून्य गुण मांडून वर्गाची सरासरी काढावी, तसेच हे झाले.

उपाय असा, की आधी रंगाला त्याच्या अल्फाने गुणावे आणि मग सरासरी काढावी. पांढऱ्याचे निम्मे आणि मागच्या पांढऱ्याचे निम्मे मिळून पुरे 255 होतात. पट्टा नाहीसा होतो. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 सालच्या निबंधात रंग असे आधी गुणून ठेवण्याची रीत मांडली होती. मी ती वाचण्याचे कष्ट घेतले नव्हते, एवढेच.

दुरुस्ती दोन ओळींची होती, पण जुनी चाचणीची चित्रे एकेक करून पुन्हा तपासावी लागली. मधले आकडे अपूर्णांकातच ठेवावे लागले. लवकर पूर्णांक केले तर फिकट छटा हरवतात. ज्यांनी माझी युक्ती वापरली होती, त्यांचे काही बिघडले नाही. पारदर्शक पांढऱ्यालाही 0 ने गुणले की 0 च उरतो.

विद्यार्थी मित्रांनो, एकाचे काम भागवणारी युक्ती म्हणजे उत्तर नव्हे. चूक मुळात शोधा आणि आपली असेल तर कबूल करा.

पालकांना एक विनंती. सहावीत मी टायफॉइडमुळे एका चाचणीला बसलो नव्हतो. प्रगतिपुस्तकात माझ्या नावापुढे शून्य पडले. ते पाहून अब्बांनी मला शाळेतून काढून दुकानावर बसवायचे ठरवले होते. वर्गशिक्षक घरी आले आणि म्हणाले, "भाईसाहेब, हा नापास नाही, गैरहजर होता." त्या एका वाक्यामुळे मी आज येथे उभा आहे. मुलाच्या पुस्तकात शून्य दिसले, तर ते कशाचे आहे हे आधी विचारा.