१४ एप्रिल आणि बंबवाले

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने मला दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. मी काही वक्ता नाही. जालन्याच्या एका जिनिंगमध्ये माझी हयात गेली. आग मी जवळून पाहिली आहे, म्हणून आज आग विझवणाऱ्या माणसांविषयी बोलतो.

१४ एप्रिल म्हटले की आपल्याला दुसरे काही सुचत नाही. सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक, लेकरांना नवे कपडे. एका जयंतीला मिरवणुकीच्या वाटेवर बंदोबस्ताचा बंब उभा होता. त्यावरच्या फायरमनच्या छातीवर कागदाचा छोटा झेंडा लावलेला. मी विचारले, "दादा, हा कशाचा?" तो म्हणाला, "काका, आज आमच्या माणसांचाबी दिवस हाय." १४ एप्रिल हाच देशाचा अग्निशमन सेवा दिन आहे, हे मला त्या दिवशी कळले. इतकी वर्षे जयंती केली, पण ठाऊक नव्हते बघा!

ती हकीकत १४ एप्रिल १९४४ ची. महायुद्ध चालू होते. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि त्या दिवशी त्यांना ५३ वर्षे पूर्ण झाली होती. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज दोन दिवसांपूर्वी लागले होते. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. यातला काही दारूगोळा आणि कापूस एकाच खणात! आपल्या जिनिंगमधल्या हमालालाही हे पटले नसते.

कापसाची आग काय असते, ते इथल्या बऱ्याच जणांना सांगायला नको. रुईची गाठ १७० किलोची, दाबून पत्त्या मारलेली. ठिणगी आत गेली की ती बाहेरून दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते. वरून कितीही पाणी मारा, आतपर्यंत पोचत नाही. विझली म्हणून माणसे जेवायला जातात आणि रात्री पुन्हा धूर निघतो. आम्ही पत्त्या तोडून, गाठ फोडून, रुई पसरून विझवायचो. जहाजाच्या पोटात गाठ फोडणार कोण?

दुपारी धूर दिसला. बंब आले, आणखी बंब आले. खाली दारूगोळा आहे हे त्यांना कळले होते. कळूनही ते जहाजावर उभे राहून पाणी मारत राहिले. शेकडो टन पाणी ओतले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा. गोदीतले हमाल, कामगार, खलाशी, आसपासच्या वस्तीतली माणसे शेकड्यांनी गेली. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

जुनी माणसे ही गोष्ट सांगताना जहाजातल्या सोन्याच्या विटांचीच सांगतात. विटा उडून कुठे पडल्या, पुढे गाळातून किती निघाल्या, सगळे तोंडपाठ. त्या ६६ जणांपैकी एकाचे तरी नाव सांगा म्हटले तर कोणी सांगत नाही. मीही सांगू शकत नाही, याची मला लाज वाटते.

म्हणून अलीकडची चार नावे मी पाठ केली आहेत. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. गल्ली अरुंद, बांधकाम लाकडाचे. राहणारी माणसे वेळेत बाहेर निघाली. मग इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. उपमुख्य अधिकारी सुधीर अमीन आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर दवाखान्यात झुंजले, पण त्याच महिन्यात तेही गेले. नेसरीकर दलाचे प्रमुख होते. खाली उभे राहून हुकूम सोडले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता.

आता आपल्या गल्लीचे बोलतो, रागावू नका. गेल्या जयंतीला कमानीचा एक खांब मीच रस्त्याच्या मधोमध रोवला होता. कमान देखणी झाली, फोटोही छान आले. पण त्या रात्री कोणाच्या घरात सिलिंडर भडकला असता तर बंब कोपऱ्यावरच अडला असता, आणि फायरमन पाईप खांद्यावर घेऊन पळत आला असता.

म्हणून परवा मी अग्निशमन केंद्रावर जाऊन बंबाची रुंदी आणि उंची सुतळीने मोजून आणली. दोन गाठी मारल्या आहेत, पहिली रुंदीची, दुसरी उंचीची. ही सुतळी मी चिटणीसांकडे देतो. येत्या जयंतीला खांब रोवण्याआधी ती लावून बघा. आता त्या ६६ जणांसाठी आणि या चौघांसाठी आपण दोन मिनिटे उभे राहू या.

जय भीम!