मोजणीच्या यंत्राचा पासंग



गावात मोजणी येणार म्हटले की दोन दिवस आधीपासून घरात अन्न गोड लागत नाही. नोटीस लगतच्या खातेदारांनाही गेलेली असते, आणि बांधावर उद्या कोण काय बोलेल याची धास्ती दोन्ही घरी सारखीच असते. पूर्वी मोजणीदार येई तो साखळी घेऊन. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद, तो एक गुंठा. हा हिशेब आपल्या आजोबांना तोंडपाठ होता. शिवाय साखळी डोळ्यांना दिसे. कोठे ढिली पडली तर बांधावरचा म्हातारा जागेवरूनच ओरडे.

आता भूकरमापक येतो तो एक काठी घेऊन. काठीच्या टोकाला टोपीसारखे यंत्र, हातात मोबाइलएवढी पाटी. काठी टेकवली, पाटीवर आकडे उमटले, की ठोका खुंटी! काय ताणले, काय ढिले पडले, कोणाला दिसत नाही. मग कोणीतरी शाळेच्या गुरुजींना पुढे करतो, "गुरुजी, बघा हो, यंत्र काय म्हणतंय?" गुरुजी पाटीत डोकावतात आणि मान हलवतात. त्या पाटीत काय पाहावे, हे आज सांगावयाचे आहे.

या काठीला 'रोव्हर' म्हणतात, म्हणजे हिंडता. तिचा एक जोडीदार असतो, तो एका जागी बसून राहतो. त्याचे नाव 'बेस'. दोघेही आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ऐकतात. हे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि तेथून निघालेली लहर आपल्यापाशी पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. त्या वेळावरून अंतर काढावयाचे. पण वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर तीनशे मीटरने चुकते! शिवाय वाटेतली हवा लहरीला थोडी रेंगाळवते. म्हणून एकटे यंत्र दोन-तीन मीटर इकडेतिकडे सांगते. रस्ता शोधायला ते पुरते, बांधाला पुरत नाही.

येथे बेस कामाला येतो. तुम्ही बाजारात तराजूचा पासंग पाहता ना? काटा रिकामा असतानाच एक पारडे किती झुकते ते पाहून ठेवले, की पुढचे वजन खरे काढता येते. बेस ज्या जागेवर उभा असतो, तिचा पत्ता त्याला आधीच सांगून ठेवलेला असतो. उपग्रहांवरून येणारे उत्तर आणि तो खरा पत्ता यांच्यातला फरक, तो त्या घटकेचा पासंग. बेस तो क्षणाक्षणाला रोव्हरकडे धाडतो, कधी छोट्या रेडिओवरून, कधी मोबाइलच्या इंटरनेटवरून. भारतीय सर्वेक्षण विभागाने आपल्या राज्यात कायमचे बेस बसवले आहेत. त्यांना 'कॉर्स' म्हणतात. मोबाइलला रेंज असली की भूकरमापक त्यांचाच पासंग घेतो. रेंज नसलेल्या खोऱ्यात मात्र स्वतःचा बेस तिवईवर मांडावा लागतो.

आता बिघाड. पहिला प्रकार सोपा, पासंग पोचतच नाही. पाटीवर दुरुस्तीचे 'वय' लिहिलेले असते. ते एक-दोन सेकंद असावे. ते वाढतच चालले, की समजावे निरोप वाटेत अडला. तुमच्या रेडिओची सुई केंद्रावर नीट बसली नाही तर माझे बोलणे तुम्हाला कसे ऐकू येईल? तसेच बेसचा आणि रोव्हरचा चॅनेल एकच हवा, आणि निरोप बांधण्याची पद्धतही एकच हवी. मध्ये टेकडी आली तरी निरोप अडतो. मग बेसचा एरियल उंच करावा किंवा बेसच हलवून मोकळ्यावर न्यावा. बेसची बॅटरी उतरली असेल तर निरोप पाठवणारा भाग आधी गळतो, कारण वीज तोच जास्त खातो. (एरियल न जोडता तो भाग चालू करू नये, जळतो. हे नवशिक्या मदतनिसाला सांगायचे राहते आणि दिवस फुकट जातो.) मोबाइलवर काम असेल तर सिमचा डेटा संपला का, परवलीचा शब्द चुकला का, एवढेच पाहावे.

दुसरा प्रकार असा, की निरोप येतो पण पाटीवर 'फिक्स' ऐवजी 'फ्लोट' दिसते. उपग्रहाच्या मुख्य लहरीची एक लाट सुमारे एकोणीस सेंटिमीटरची, म्हणजे वीतभराहून जरा कमी. शेवटच्या अर्धवट विताचे माप यंत्र मिलिमीटरपर्यंत सांगते. पण त्याआधी पुऱ्या विती किती झाल्या, ते त्याला जुळवून काढावे लागते. जुळले की फिक्स, घोळ राहिला की फ्लोट. फ्लोटवर खुंटी ठोकू देऊ नये. चिंचेखाली, पत्र्याच्या छपराशेजारी हा घोळ फार. पत्र्यावरून लहर परतून येते आणि विहिरीत हाक मारल्यासारखे दोन आवाज होतात. बेसच जर शाळेच्या पत्र्याला खेटून मांडला असेल, तर काठी कितीही मोकळ्या रानात न्या, उपयोग नाही. कधी दोष सूर्याचा असतो. मे २०२४ मध्ये सौर वादळ झाले तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीत या यंत्रांवर चालणारे ट्रॅक्टर उभे राहिले होते. आपण विषुववृत्ताच्या जवळचे, त्यामुळे सूर्य तापट असेल त्या वर्षी दुपारनंतर आणि तिन्हीसांजेला यंत्र जास्त अडखळते. अशा दिवशी काम सकाळी उरकावे.

या दोन्ही प्रकारांत यंत्र स्वतःच सांगते की माझे काही खरे नाही. तिसऱ्या प्रकारात ते सांगत नाही. पाटीवर फिक्स असते, वय एक सेकंद असते, आणि खुंटी चुकीच्या जागी बसते.

हे मी स्वतः केले आहे. घाटाखालच्या एका गावी, जेथे मोबाइलला रेंज नव्हती, दोघा भावांच्या जमिनीची मोजणी होती. पहिल्या दिवशी शाळेच्या ओट्यावर खिळा ठोकून त्यावर बेस मांडला, त्याचा पत्ता नीट काढून भरला, आणि एका कोपऱ्यापर्यंत काम केले. दुसऱ्या दिवशी बेस त्याच खिळ्यावर उभा केला. पण कालचा पत्ता निवडण्याऐवजी घाईत 'येथेच' असे बटण दाबले. म्हणजे बेसला म्हटले, तू कोठे आहेस ते तूच ठरव. एकट्या यंत्राने ठरवलेला पत्ता दीड मीटर पूर्वेला होता. तराजूचा पासंग काढायला ठेवलेले मापच खोटे!

त्या पत्त्यावरून निघालेली प्रत्येक खुंटी दीड मीटर पश्चिमेला सरकली. सगळ्याच सरकल्या, म्हणून दोन खुंट्यांमध्ये टेप धरला तर अंतर बरोबर येई. बांध शंभर मीटर लांब. हिशेब करा, दीडशे चौरस मीटर, जवळजवळ दीड गुंठा! आणि त्या पट्ट्यात धाकट्या भावाची आंब्याची सात कलमे होती, तिसऱ्या वर्षाची. थोरला गप्प उभा होता. धाकटा म्हणाला, "साहेब, यंत्र म्हणतंय तर तसंच असंल." त्याचे ते बोलणे मला अजून टोचते.

त्याची बायको मात्र हटली नाही. "कालची कोपऱ्याची खुंटी हाय की, साहेब. तिच्यावर काठी ठेवा." मला राग आला, खोटे कशाला सांगू. पण ठेवली. पाटी म्हणाली, खुंटी येथे नाही, दीड मीटर पलीकडे आहे. मी ओट्यापाशी परत गेलो, कालचा पत्ता भरला, आणि त्या दिवसाच्या साऱ्या खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या. कलमे धाकट्याच्याच बाजूला राहिली. थोरल्याने ती उपटलेली पहिली खुंटी स्वतः उचलून माझ्या हातात दिली.

तेव्हा मोजणीच्या दिवशी एवढे मागा. पहिली खुंटी ठोकण्याआधी काठी एखाद्या जुन्या, दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या दगडावर किंवा आदल्या दिवसाच्या खुंटीवर ठेवून दाखवा म्हणावे. दुपारी आणि काम संपताना पुन्हा तेथेच. फरक दोन-चार सेंटिमीटरचा असला तर ठीक. वीतभर निघाला तर काम थांबवून बेसपाशी जावे. झाडाखालची खुंटी असेल तर एकदा माप घ्यावे आणि अर्ध्या तासाने, उपग्रह थोडे सरकल्यावर, पुन्हा घ्यावे. फिक्स तेथे कधी कधी खोटाही लागतो. पाटाची किंवा चराची पातळी काढावयाची असेल तर बेसची आणि काठीची उंची कोठपासून मोजली ते विचारावे. तिरपी मोजून उभी म्हणून भरली तर हद्द जागेवर राहते, पण पाणी उलटे वाहते. भला भूकरमापक याला रागावणार नाही. रागावलाच, तर मीही रागावलो होतो हे त्याला सांगा.

गुरुजींकडे एक काम आहे. बेस शाळेच्या आवारात असला तर मुले त्याभोवती गोळा होणारच. त्यांना हाकलू नका, हातभर लांब ओळीत बसवा आणि तिवईचे पाय पाहत राहायला सांगा. काळ्या जमिनीत पाय हळूहळू रुततात, आणि एखादे वासरू घासून गेले तरी कळत नाही. तिवईवरचा बुडबुडा मध्यातून हलला, की एका मुलाने पळत जाऊन मोजणीवाल्यांना सांगायचे.