न्हाणीचं पाणी जातं कुठं?



मी भूगोलाचा मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण पर्यावरणावर बोला असं कुणी म्हटलं, की मला कायद्याचं कलम आधी आठवत नाही, वर्गातला एक मुलगा आठवतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर आपण सगळे जाणताच. उल्का आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात झालेलं हे विवर. काठापासून काठापर्यंत साधारण पावणेदोन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. तेव्हा मी लोणारातच भाड्याच्या घरात राहत होतो. एकदा वर्ग घेऊन काठावर गेलो आणि सवयीप्रमाणे सांगू लागलो, "या सरोवरात झरे येतात, पावसाचं पाणी येतं, पण पाण्याला बाहेर जायची वाट नाही. वाफ होऊनच काय जाईल तेवढं. म्हणून क्षार मागे राहतात आणि पाणी खारट होतं."

मागून एका पोरानं विचारलं, "सर, मंग नालीचं पाणी आत जाते, त्यातली घाण कुठं जाते?"

मी म्हणालो, "पुढच्या तासाला सांगतो." खरं तर उत्तर समोरच होतं. ती कुठंच जात नाही. आणि मला गप्प बसवणारी गोष्ट वेगळीच होती. माझ्या घराची नालीही त्याच उताराला लागलेली होती.

संध्याकाळी घरी हे सांगितलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पोरांना शिकवण्याआधी आपली न्हाणी बघा." घरमालक काकांची परवानगी काढून मागच्या अंगणात शोषखड्डा खणला. खाली मोठे दगड, मग विटांचे तुकडे, वर वाळू. शेजारी अळू आणि दोन केळी लावल्या. पहिल्याच पावसाळ्यात खड्डा तुंबला आणि वास सुटला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पर्यावरणानं आमचं जेवण हराम केलं!" चूक आमचीच होती. खरकटं आणि तेल थेट आत जात होतं. मग मोरीच्या तोंडाशी जाळी बसवली, भांडी आधी पुसून घ्यायची सवय लावली. त्यानंतर खड्डा नीट चालला. पुढं केळीचा पहिला घड उतरवला, तेव्हा त्यातली अर्धी फणी काकूंकडे आधी गेली.

आता तुम्ही म्हणाल, एका खड्ड्यानं सरोवर वाचतं का? नाही वाचत. म्हणून तर कायदे लागतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, जलप्रदूषणाचा १९७४ चा. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ साली झाली आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. २००० साली लोणारला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. २०२० मध्ये हे सरोवर रामसर यादीत आलं. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या करारानुसार जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी ठेवली जाते. पाणथळ जागांसाठी आपले २०१७ चे नियम आहेत. अशा जागेत अतिक्रमण करायचं नाही, कचरा टाकायचा नाही, शहर असो की खेडं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायचं नाही, असं ते स्पष्ट सांगतात.

त्याच २०२० च्या जून महिन्यात सरोवराचं पाणी गुलाबी झालं, ते आठवतं ना? कुणी शाप म्हणालं, कुणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो परिणाम असल्याचं दिसलं. पाणी आटलं, क्षार वाढले आणि या जिवांना दिवस चांगले आले. पावसानंतर रंग ओसरला. आत काय येतं आणि किती येतं, याचा हिशेब ते पाणी असा उघड मांडतं. जास्तीचं गोडं पाणी आलं तरी त्याची घडी बिघडते, साबण आणि मैला आला तरी बिघडते.

कायदा मोठी कामं करतो. पण तो आपणहून न्हाणीपर्यंत येत नाही आणि आपणहून जागाही होत नाही. त्याला जागं करावं लागतं. २०१० च्या कायद्यानं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण झालं, त्याचं एक खंडपीठ पुण्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, गावातल्या झाडापाखरांची, बी-बियाण्यांची नोंदवही हवी. पुढच्या ग्रामसभेत उठून एवढंच विचारा, "आपली नोंदवही कुठं आहे?" भांडायचं नाही, फक्त विचारायचं. आणि घटनेच्या ५१ क कलमात वनं, सरोवरं, नद्या आणि वन्यजीव यांचं रक्षण हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. ते तुमच्या-माझ्यासाठीच आहे.

मग घरी काय करावं? मोठं काही नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. ओल्याचं खत परसात होतं. बाजाराला जाताना कापडी पिशवी घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण ती मोडायला दुकानदार एकटा पुरत नाही, मागणारा गिऱ्हाईकही लागतो. कपड्याला साबणाचा चुरा मोजून घाला. फेस जास्त म्हणजे कपडा जास्त स्वच्छ, असं नसतं. निर्माल्य पाण्यात सोडू नका, झाडाच्या मुळाशी घाला. विवर पाहायला आलात तर आणलेलं वेष्टन खिशात घालून परत न्या.

तो मुलगा पुढं एकदा एस.टी. स्टँडवर भेटला. चांगला बाप्या झाला होता. पाया पडून म्हणाला, "सर, तुम्ही पुढच्या तासाला सांगतो म्हणाले होते." मी त्याला खड्ड्याची सगळी गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "घर बांधून राहिलो सर. खड्डा किती फूट घेऊ?"

श्रोतेहो, लोणारच्या पाण्याला बाहेरची वाट नाही. नीट पाहिलं तर आपल्या पृथ्वीलाही नाही. तेव्हा आज भांडी झाल्यावर एकदा मागच्या दारी जा आणि आपलं पाणी कुठं जातं, तेवढं पाहून या.