मादीच्या रकान्यात काय लिहायचे?

(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय आहे लोकजैवविविधता नोंदवही, आणि मी बोलणार आहे पाण्यातल्या भुंगेऱ्यांवर. मी समाजकार्य शिकले, कीटकशास्त्र नव्हे. पण नोंदवहीत कोणाचे नाव लागते आणि कोणाचे राहून जाते, हा आपला रोजचा प्रश्न. या किड्यांच्या बाबतीत तो इतका उघडा पडतो की तुमच्यापुढे ठेवावासा वाटला.

आधी ओळख करून घेऊ. भाताच्या खाचरात, तळ्याच्या कडेला आणि पावसाळ्यात दिव्याखाली जे काळे चकचकीत भुंगेरे दिसतात, त्यांत दोन मोठी घराणी आहेत. एक शिकारी, पाणबुड्यांचे. दुसऱ्यातले मोठे झाले की बहुतेक कुजका पाला आणि शेवाळ खातात. त्यांना आपण तळ्याचे सफाईवाले म्हणू. शास्त्रात या घराण्याचे नाव हायड्रोफिलिडी. त्यांच्या अळ्या मात्र शिकारी असतात, काही तर डासांच्या अळ्याही खातात.

ही दोन घराणी वेगळी करायला भिंग लागत नाही. पाणबुड्या मागचे दोन्ही पाय एकदम मारतो, वल्ही मारावीत तसे. सफाईवाला पाय आळीपाळीने हलवतो. श्वास घ्यायला पाणबुड्या शेपटीकडून पाण्याच्या वर येतो, सफाईवाला डोक्याकडून. तो आपल्या आखूड, गाठीच्या मिशीने हवा खाली घेतो आणि ती पोटाखाली चांदीच्या वर्खासारखी चमकते. पुढे लांब मिशा दिसतात त्या खरे तर मिशा नव्हेतच, तोंडाजवळचे स्पर्शक आहेत. आम्ही पिठाच्या चाळणीने खाचरातले पाणी गाळून पाहत होतो, तेव्हा लावणीला जाणाऱ्या एका ताईंनी मी काही सांगायच्या आधीच सांगितले, "ह्यो पोहत नाय, ह्यो पाण्यात चालतो." पुस्तकातही नेमके हेच आहे.

इथपर्यंत सोपे. खरी पंचाईत पुढे, एकाच घराण्यातल्या जवळच्या जाती वेगळ्या करताना. सीलोस्टोमा नावाचे लहान, काळे, घुमटासारखे भुंगेरे असतात, ओल्या चिखलात आणि कुजक्या पाल्याखाली राहणारे. २०२० साली सायली शेठ, हेमंत घाटे आणि मार्टिन फिकाचेक यांनी भारतीय उपखंडातल्या सीलोस्टोमांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. घाटे सर पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात शिकवत, म्हणजे काम आपल्याकडचेच. या भुंगेऱ्यांच्या बऱ्याच जाती वरून इतक्या सारख्या दिसतात की खात्री करायला नराचे जननेंद्रिय बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. त्याचा आकार जातीगणिक वेगळा असतो.

आणि मादी? या घराण्यात कितीतरी ठिकाणी नुसती मादी हाती आली तर तिची जात खात्रीने सांगता येत नाही. सोबत नर सापडला तर त्याच्या नावावर तिचे नाव. नाही सापडला तर बाटलीवर फक्त कुळाचे नाव राहते, पुढची जागा कोरी. नवऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्याला हे ऐकून हसू येते. मलाही आले.

पण हसून सोडून देऊ नका. हा शास्त्रज्ञांचा खोडसाळपणा नाही. नराचा अवयव कठीण असतो, टिकतो, त्याचे चित्र काढता येते. मादीचा पुष्कळदा मऊ, घडीचा, पाहायला अवघड. कारण खरे आहे. मात्र ‘अवघड’ म्हणून जे पाहिलेच जात नाही, ते पुढे ‘महत्त्वाचे नाही’ होऊन बसते. २०१४ साली मालिन आ-किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या जननेंद्रियांच्या उत्क्रांतीवरचे पंचवीस वर्षांचे निबंध तपासले. फक्त नराकडे पाहणारे निबंध फक्त मादीकडे पाहणाऱ्यांच्या कितीतरी पट निघाले, आणि वर्षे सरली तशी ही तफावत भरूनही निघाली नव्हती. मादीचा अवयव बदलत नाही, त्यात पाहण्यासारखे काही नाही, असे गृहीत धरलेले होते. ज्यांनी नीट पाहिले त्यांना बदल सापडले. याच सफाईवाल्यांत हेलोकारिस नावाचे भुंगेरे आहेत. त्यांची मादी अंड्यांची पिशवी पोटाखाली बांधून फिरते. चिखलात वाकून पाहणाऱ्या कोणालाही ते दिसेल.

आता जनुकांवरून मादीचा मेळ तिच्या जातीच्या नराशी घालता येतो. पण त्यासाठी ती मादी जपून ठेवलेली हवी.

हे सगळे पनवेलमध्ये कशाला? कारण इथे पाणी झपाट्याने बदलते आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली. भाताची खाचरे भराव घालून प्लॉट झाली. भराव पडल्यावर ‘इथे काय होते’ असे कोणी विचारले, तर कागदावर असेल तेवढेच होते असे धरले जाते. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि नोंदवही अपेक्षित आहे, आणि २००४ च्या नियमांत समितीच्या नेमलेल्या सदस्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे म्हटले होते. समितीतल्या बाईने सही करून घरी जायचे, की खाचरात राबणाऱ्या बायकांना विचारून पाने भरायची, हे आपण ठरवायचे आहे. मला दुसरे हवे आहे. त्या ताईंचे वाक्यही नोंदवहीत हवे, त्यांच्या नावासकट. ‘स्थानिक महिलेने सांगितले’ एवढे पुरत नाही.

म्हणून दोन-तीन कामाच्या गोष्टी. नमुने थोडेच घ्या, हौसेने बाटल्या भरू नका. एका जागी, एका दिवशी मिळालेले नर आणि मादी एकाच बाटलीत ठेवा. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, शाई पुसते. गाव, खाचर की तळे, तारीख आणि कोणी पकडले ते लिहा. मादी ओळखता आली नाही तर टाकून देऊ नका आणि रकाना कोरा सोडू नका. ‘मादी, जात ठरायची आहे’ असे लिहा.